व्यापार-सापशिडीच्या पुढे: घरात पहिला आधुनिक बोर्डगेम कोणता आणावा?

पाचपाखाडीकर

घरात खेळणारी माणसं पाच: आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि आजी. आजींना इंग्रजी वाचता येत नाही, पण रमी आणि मेंढीकोट पक्कं येतं. रात्री जेवणानंतर पाऊण तास, फार तर तासभर मिळतो. जेवणाचं टेबल चार खुर्च्यांचं आहे, साधारण १२० बाय ७५ सेंटिमीटर. ल्युडो, व्यापार, सापशिडी, युनो आधीच आहेत.

आता एक-दोन आधुनिक खेळ घ्यायचे आहेत. कटान, तिकीट टू राइड, अझूल, पँडेमिक ही नावं प्रत्येक यादीत दिसतात, पण सुरुवात कुठून करावी ते याद्यांवरून कळत नाही. शिवाय सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी दहा-बारा जण जमतात. त्यांच्यासाठी वेगळं काही लागेल का?

काय घ्यावं, कुठल्या क्रमाने आणि का, ते जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

सोंगटी

माणसं, वेळ, टेबल आणि भाषा हे चारही तुम्ही सांगितलंत म्हणून उत्तर देता येतंय. नुसतं "सगळ्यात चांगला गेम कोणता" याला उत्तर नसतं.

आधी संख्या बघा. खोक्यावर २–४ छापलं असेल तर पाचव्याला सामावून घेता येत नाही, कारण पट्ट्या, सोंगट्या, पत्ते मोजून चौघांपुरतेच दिलेले असतात. तुमच्या यादीतले अझूल (२–४), मूळ कटान (३–४) आणि पँडेमिक (२–४) हे तिन्ही इथेच अडतात. किंगडोमिनो आणि स्प्लेंडरसुद्धा चौघांचेच. रोज पाचही जण बसणार असाल तर उरतात तिकीट टू राइड (२–५), कार्कासॉन (२–५), सुशी गो (२–५) आणि डिक्सिट (जुन्या आवृत्तीत ३–६, नव्या आवृत्तीत ३–८). यादीत नाव किती वर आहे यापेक्षा ही एक ओळ महत्त्वाची. पाचातला एक जण रोज बाजूला बसून बघत राहिला तर तो खेळ महिनाभरात माळ्यावर जातो.

दुसरी गोष्ट भाषा. खेळताना पत्त्यावरचा मजकूर वाचावा लागतो का, हे विचारा. तिकीट टू राइड हा नकाशावर आगगाडीचे डबे मांडून शहरं जोडायचा खेळ. त्यात डब्यांच्या पत्त्यांवर मजकूर नाही, फक्त रंग आणि खुणा आहेत. तिकीट म्हणजे कुठली दोन शहरं जोडायची ते सांगणारा पत्ता. त्यावर शहरांची नावं रोमन लिपीत असतात, पण सोबत छोटा नकाशा असतो आणि त्यावर ती दोन ठिकाणं दाखवलेली असतात. आजींना पहिल्या डावात शहर शोधायला मदत लागेल, दुसऱ्यापासून लागणार नाही.

वेळेचं म्हणाल तर खोक्यावरची मिनिटं सराव झालेल्यांची असतात. पहिल्या डावाला त्याच्या दुप्पट धरा आणि तो रविवारी दुपारी खेळा, रात्री साडेनऊला नको.

माझं उत्तर: पहिला तिकीट टू राइड, त्यातही युरोपची आवृत्ती. अ‍ॅलन मून यांनी केलेला मूळ अमेरिकेच्या नकाशाचा खेळ २००४ चा. त्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'स्पील देस यारेस' हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. युरोप त्याच्या पुढच्या वर्षी आला. अमेरिकेचे नियम थोडे कमी आहेत, पण तिथे तुमचा एकमेव रस्ता कुणी अडवला तर तिकीट बुडतं आणि तिकिटाचे गुण वजा होतात. नवख्याला, विशेषतः ९ वर्षांच्या मुलाला, तो फटका फार लागतो. युरोपमध्ये प्रत्येकाला तीन स्टेशनं मिळतात. स्टेशन बांधलं की त्या शहराला लागलेला दुसऱ्याचा एक मार्ग आपल्या तिकिटासाठी वापरता येतो. न वापरलेल्या प्रत्येक स्टेशनाचे शेवटी ४ गुण मिळतात, त्यामुळे ती उधळलीही जात नाहीत.

एक सावधगिरी: याच मालिकेत भारताचा नकाशा मिळतो आणि नाव बघून तोच आधी घ्यावासा वाटतो. तो नुसता नकाशा आणि तिकिटं आहेत. डबे आणि डब्यांचे पत्ते मूळ खेळातले लागतात, आणि त्यावर चौघंच खेळू शकतात. तो नंतर.

नेरुळ_पश्चिम

सोंगटी, अनुमोदन. संख्येच्या मुद्द्याला तर दोनदा.

टेबलाचं थोडं. या खेळाचा पट सुमारे ८० बाय ५३ सेंटिमीटर आहे. तुमच्या टेबलावर लांबीकडे दोन्ही टोकांना वीस-वीस आणि रुंदीकडे अकरा-अकरा सेंटिमीटर उरतील. उघडे पाच पत्ते आणि गड्डी एका टोकाला, टाकलेले पत्ते दुसऱ्या टोकाला, प्रत्येकाचे डबे वाटीत, तिकिटं हातात. चहा आणि फरसाण टेबलावर नाहीच, बाजूच्या स्टुलावर. शेवेचं तेल पत्त्याला लागलं की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो आणि मग तो डाव खरा राहत नाही. पाचवी खुर्ची लांब बाजूला टाका, टोकाला बसणाऱ्याला पलीकडची शहरं दिसत नाहीत.

खारघरचा_डोंगर

कटान वगळण्याची इतकी घाई नको. क्लाउस टॉयबर यांचा हा बेटावर माल जमवून घरं बांधायचा १९९५ चा खेळ अजून टिकून आहे, त्याचं कारण सौदा. "एक वीट दे, दोन लोकर देतो" हे व्यापार खेळलेल्या घराला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या पाळीतही आपल्याला माल मिळतो, त्यामुळे नुसतं बसून राहावं लागत नाही.

कटान नवख्यांच्या हातात बिघडतो तो मांडणीमुळे. १९ षटकोनी फरशा, त्यांवर १८ आकडे, एक फरशी वाळवंटाची. फाशांची जी बेरीज पडेल त्या आकड्याच्या फरशीला लागलेल्या घराला माल मिळतो. आकड्याखाली ठिपके असतात, ते दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी किती वेळा ती बेरीज पडेल ते सांगतात: ६ आणि ८ खाली पाच, २ आणि १२ खाली एक. नवखा माणूस समुद्राकाठची मोकळी जागा बघून ३, ११, १२ यांच्यावर घर बांधतो आणि मग तासभर त्याला काही मिळत नाही. म्हणून पहिल्या डावाला पुस्तिकेत छापलेली ठरावीक मांडणीच घ्या. दुसऱ्या डावापासून स्वतः मांडा, पण ६ आणि ८ शेजारी येऊ देऊ नका. घर ठेवताना तीन फरशांच्या ठिपक्यांची बेरीज करायला सगळ्यांना शिकवा. दहाच्या आसपास असेल तर उत्तम, सहाच्या खाली असेल तर दुसरी जागा शोधा.

आणखी चार ठिकाणी हमखास चूक होते:
– सुरुवातीचा माल फक्त दुसऱ्या घराचा मिळतो, दोन्हींचा नाही.
– सात पडला की हातात सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्यानेच निम्मे टाकायचे. नऊ असतील तर चार. सातच असतील तर काही नाही.
– सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशी. बाकीच्यांनी आपापसात करायचा नाही.
– विकासपत्ता (माल देऊन घ्यायचा खास पत्ता) ज्या पाळीत घेतला त्याच पाळीत खेळता येत नाही. त्यातला गुणाचा पत्ता तेवढा अपवाद, त्याने १० पूर्ण होत असतील तर लगेच दाखवता येतो.

सोंगटी

डोंगर, मुद्दे सगळे बरोबर. पण हे सगळं सांभाळणारा एक जाणकार टेबलावर असेल तर कटान चांगला पहिला खेळ ठरतो. इथे पाचही जण नवखे आहेत. पाच-सहा जणांसाठीचा जोड संच वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि त्याने डाव आणखी लांबतो. तासाभरात तो संपणार नाही. कटान वाईट नाही, या घरासाठी पहिला नाही, एवढंच.

पाचपाखाडीकर

दोघांचे आभार. तिकीट टू राइड जवळपास ठरला. आता शिकवायचं कसं? पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली की मुलगा दुसऱ्या पानावर उठतो.

नियमपुस्तिका

मोठ्याने वाचायचीच नाही. शिकवणाऱ्याने आदल्या रात्री एकट्याने वाचावी आणि दोघांचे पत्ते मांडून दहा-बारा पाळ्या स्वतःशीच खेळून बघाव्यात. अडतं कुठे ते तेव्हाच कळतं. मग सांगायचा क्रम असा: जिंकायचं कशाने, माझ्या पाळीत मी काय करू शकतो, डाव कधी संपतो. अपवाद जेव्हा समोर येईल तेव्हाच.

तिकीट टू राइड ठाण्याच्या माणसाला दोन वाक्यांत कळतो. "तुझ्या तिकिटावर ठाणे ते वाशी आहे. ऐरोलीवरून जाणारा सरळ मार्ग कुणी आधी घेतला तर तुला कुर्ल्यावरून वळसा घालून जावं लागेल, डबे जास्त लागतील, पण पोचता येईल." एवढ्याने तिकीट, मार्ग, अडवणूक आणि वळसा, चारही गोष्टी डोक्यात बसतात.

पुढे पाळी. एका पाळीत चारपैकी एकच गोष्ट: दोन पत्ते उचला, किंवा एक मार्ग घ्या, किंवा नवीन तिकिटं काढा, किंवा स्टेशन बांधा. ही चार वाक्यं मराठीत कागदावर लिहून टेबलावर ठेवा. खाली मार्गाचे गुण लिहा: १ डब्याला १, दोनला २, तीनला ४, चारला ७, सहाला १५, आठला २१. लांब मार्गाला एवढे गुण का, हे त्या ओळीवरून आपोआप समजतं.

सुरुवातीला प्रत्येकाला एक लांब तिकीट आणि तीन छोटी मिळतात, त्यांतली किमान दोन ठेवायची. पहिल्या डावात लांब तिकिटं सरळ काढून ठेवा. नवखा मोह पडून लांब तिकीट ठेवतो, ते पूर्ण होत नाही, आणि शेवटी वीसेक गुण वजा झाल्यावर त्याचं मन उडतं. डेन्मार्क ते तुर्कस्तान असली तिकिटं चौथ्या-पाचव्या डावाला.

आता चुका. खोक्यात प्रत्येक रंगाचे ४८ डबे निघतात, पण खेळायचे ४५. तीन सुटे आहेत, हरवले तर म्हणून. बरेच जण ४८ घेऊनच बसतात आणि डाव लांबतो. इंजिनाचा पत्ता कुठल्याही रंगाच्या जागी चालतो, म्हणून तो उघडा उचलला तर पाळीत तो एकच मिळतो, दुसरा नाही. गड्डीतून आंधळा काढल्यावर इंजिन निघालं तर मात्र दुसरा पत्ता घेता येतो. उघड्या पाचांत तीन इंजिनं आली तर पाचही टाकून नवीन मांडायचे. जोडमार्ग (दोन शहरांमधले शेजारी-शेजारी दोन मार्ग) असतील तिथे दोघं किंवा तिघं खेळताना एकच बाजू वापरायची, दुसरी बंद. हा नियम विसरलात तर तिघांच्या डावात चुरस उरत नाही.

काही मार्ग बोगद्याचे असतात. त्यांचा नियम पहिला बोगदा कुणी घ्यायला जाईल तेव्हाच सांगा. गड्डीतले तीन पत्ते उलटायचे. तुम्ही दिलेल्या रंगाचे किंवा इंजिनाचे जितके निघतील तितके पत्ते आणखी द्यायचे. नसतील तर दिलेले परत हातात घ्यायचे आणि पाळी गेली. म्हणून बोगद्याला एक-दोन पत्ते जास्तीचे हातात ठेवूनच जावं.

कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की त्याच्यासकट प्रत्येकाला एक-एक शेवटची पाळी. हे आधी सांगितलं नाही तर शेवटी हमखास वाद होतो, कारण कुणाचा तरी एकच मार्ग राहिलेला असतो.

कोपरी_पूर्व

आजी रमी खेळतात म्हणून एक नाव: रमीकब. १०६ ठोकळे, प्रत्येकी १४ वाटायचे, पहिली उतारी किमान ३० गुणांची. दोघांपासून चौघांपर्यंत. वेगळेपण एवढंच की टेबलावर उतरलेले क्रम मोडून पुन्हा जुळवता येतात. ठोकळे जाड आणि आकडे मोठे, त्यामुळे चष्म्याची कुरकुर नाही. आजी पहिल्या दिवसापासून बरोबरीने खेळतील, कदाचित शिकवतीलही.

सोंगटी

चांगली सूचना. चौघं बसलेल्या रात्रींसाठी मी अझूल सुचवणार होते, तेही लिहिते. मिखाएल किस्लिंग यांचा २०१७ चा खेळ, फरशा जमवून आपापल्या पटावरची भिंत भरायची. पाच रंगांच्या प्रत्येकी २० अशा १०० फरशा, वाचायला काहीच नाही. चौघांना मधे ९ बशा मांडायच्या, तिघांना ७, दोघांना ५. प्रत्येक बशीत चार फरशा. एका बशीतल्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मधोमध सरकवायच्या.

अडतं ते तीन ठिकाणी. भिंतीच्या ज्या ओळीत निळी बसली आहे, त्या ओळीसाठी पुन्हा निळ्या जमवता येत नाहीत. मुलं हे विसरतात. दुसरं, अर्धवट राहिलेली ओळ फेरीच्या शेवटी तशीच राहते, रिकामी होत नाही. तिसरं गुणांचं: नव्या फरशीला आडवे आणि उभे दोन्ही शेजारी असतील तर दोन्ही रांगा मोजायच्या आणि ती फरशी दोन्हींत धरायची. गुण दाखवणारा काळा ठोकळा पट्टीवर नुसता ठेवलेला असतो, कोपर लागलं की सरकतो. गुण कागदावर लिहा.

दोघांत अझूल फार टोकाचा होतो, कारण समोरच्याला नको त्या फरशा नेमक्या गळ्यात घालता येतात. ९ वर्षांच्या मुलाशी दोघांत खेळायला किंगडोमिनो बरा: ४८ सोंगट्या, पाच बाय पाचचं राज्य, डाव वीस मिनिटांत. त्यात लक्षात ठेवायचं एकच, मुकुट नसलेल्या मोठ्या शेताचे गुण शून्य. प्रदेशातली घरं गुणिले मुकुट असा हिशोब आहे, पाढ्यांचा सरावही होतो.

घणसोलीकर

क्लबहाउसबद्दल कुणी बोललं नाही. दहा-बारा जणांना एकच पट पुरत नाही, तिथे संघाचा खेळ लागतो आणि त्यात कोडनेम्सला तोड नाही. व्लादा ख्वातिल यांचा खेळ, २०१५ चा. २५ शब्द मांडायचे. दोन्ही संघांच्या नायकांसमोर एकच नकाशा-पत्ता: सुरुवात करणाऱ्याचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, तटस्थ ७, आणि एक मारेकरी. नायकाने एक सूचक शब्द आणि तो आपल्या किती शब्दांना जुळतो तो आकडा एवढंच बोलायचं, संघाने त्यावरून आपले शब्द ओळखायचे. संघाने मारेकऱ्यावर बोट ठेवलं की डाव तिथेच गेला.

अडचण एकच, मूळ शब्द इंग्रजी आहेत. तर मराठी पत्ते घरी करा. कार्डशीटचे २०० तुकडे पुरतात, म्हणजे आठ डाव एकही शब्द पुन्हा येत नाही. शब्द दोन्ही टोकांकडून वाचता यावा म्हणून उलटसुलट दोनदा लिहा. नकाशा-पत्ते मूळ खोक्यातलेच वापरा.

शब्द निवडण्यातच सगळी गोडी आहे. 'टेबल', 'खुर्ची' असले एकाच अर्थाचे शब्द भरले तर खेळ सपाट होतो. दोन-तीन अर्थांचे शब्द हवेत आणि मराठीत ते भरपूर आहेत: नाव, हार, पान, मान, वर, तीर, कर, कळ, माळ, घाट, पार, काटा, कोट, भाव, अंक, तार, पेटी, डाव, खार, पूर, दर. 'नाव' आणि 'घाट' दोन्ही आपले असतील तर "नदी, २" म्हणता येतं. पण त्याच पटावर 'तीर' मारेकरी असेल तर घात होतो, आणि नायकाला नेमका तोच विचार करावा लागतो. ('डाव' म्हणजे वाढायचा डावसुद्धा. हा अर्थ मुलांना ठाऊक नसतो, खेळताना कळतो.) खाडी, फलाट, पूल, मीठ, तलाव असे इथले शब्दही घाला. क्लबहाउसमधल्या सगळ्यांना ते सारखेच जवळचे.

नियमपुस्तिका

घणसोलीकर, छान लिहिलंत. मराठीत खेळताना एक नियम आधीच ठरवून घ्यावा लागतो. मूळ नियम असा की पटावर उघड्या असलेल्या शब्दाचं कुठलंही रूप सूचना म्हणून चालत नाही. मराठीत रूपं फार होतात. 'डोंगर' पटावर असेल तर 'डोंगराळ', 'डोंगरी' दोन्ही बाद. 'नाव' असेल तर 'नावाडी' बाद. सामासिक शब्दातला एक भाग पटावर असेल तर तोही बाद धरा, म्हणजे 'पान' असताना 'पानसुपारी' नाही. शब्द झाकला गेल्यावर मात्र चालतो. इंग्रजीतून आलेले बोलीतले शब्द (बँक, सिग्नल, लोकल) चालतील की नाही तेही आधी ठरवा. मी म्हणेन चालू द्यावेत. वाद झाला तर समोरच्या संघाचा नायक ठरवेल, बाकी कुणी नाही.

आणखी, संघाला आकड्यापेक्षा एक जास्त शब्द ओळखायची मुभा असते. "नदी, २" ला तीनदा बोट ठेवता येतं. मागच्या फेरीत राहिलेला शब्द त्यातून सुटतो.

बारा जण असतील तर सहा-सहाचे संघ करू नका. मागे बसलेले दोघं-तिघं बोलतच नाहीत. दोन टेबलं करा: एकावर कोडनेम्स आठ जणांचा, दुसऱ्यावर चौघांचा काहीतरी, आणि तासाने अदलाबदल.

नेरुळ_पश्चिम

दुसऱ्या टेबलाला डिक्सिट. चित्रांचे ८४ मोठे पत्ते, हातात सहा. ज्याची पाळी तो एक पत्ता पालथा ठेवून त्यावर काहीतरी बोलतो: म्हण, ओवी, गाण्याची ओळ, एखादा शब्द, काहीही. बाकीचे आपापल्या हातातला त्याला जुळणारा पत्ता देतात, सगळे पिसून उघडे मांडायचे आणि मूळ कुठला ते ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं किंवा कुणीच ओळखलं नाही तर बोलणाऱ्याला शून्य, बाकीच्यांना दोन-दोन. म्हणून सूचना फार उघड नको, फार गूढही नको. भाषेचा अडसर शून्य, उलट ज्यांच्याकडे म्हणी-ओव्या जास्त त्यांची बाजू भक्कम. तुमच्या आजींना इथे जरूर बसवा.

क्लबहाउसमध्ये कॅरमचा बोर्ड असतोच. त्याच्यावर थेट पत्ते मांडू नका, पावडर पत्त्यांत शिरते आणि मग ते नीट पिसले जात नाहीत. चादर घालून चालेल. तिकीट टू राइडचा पट मात्र त्यात मावत नाही, आतली जागा ७४ सेंटिमीटर आहे.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. पँडेमिकबद्दल कुणी बोललं नाही. सगळ्यांनी मिळून जिंकायचा खेळ मुलांसाठी बरा असं वाटतं.

खारघरचा_डोंगर

बरा आहे, एका अटीवर. मॅट लीकॉक यांचा २००८ चा खेळ, चार रोगांवर उपाय शोधायचे. जगाच्या नकाशावर ४८ शहरं आहेत, त्यांत मुंबईही आहे. चौघांतला सगळ्यात हुशार माणूस बाकी तिघांच्याही चाली सांगू लागतो आणि मग चौघं मिळून एकट्याचाच डाव खेळत बसतात, हा सहकारी खेळांचा कायमचा दोष. उपाय: ज्याची पाळी त्याने आधी आपला बेत बोलायचा, मगच इतरांनी सुचवायचं, आणि शेवटचा शब्द त्याचाच. पहिल्या डावाला साथीचे चारच पत्ते घाला. गड्डीचे चार सारखे ढीग करून प्रत्येकात एक पिसायचा आणि मग ढीग एकावर एक रचायचे. सगळे एकदम पिसले तर साथीचे पत्ते लागोपाठ येऊ शकतात आणि डाव पंधरा मिनिटांत हातातून जातो.

तुम्ही पाच आहात आणि घरात मेंढीकोट आहे, तर माझं मत द क्रूला. थोमास झिंग यांचा २०१९ चा खेळ, दोघांपासून पाचांपर्यंत. चार रंगांचे १ ते ९ पत्ते आणि चार हुकूम, एकूण ४० पत्ते. हात करायचे, रंग असेल तर तोच टाकायचा, हुकूम सगळ्यांवर. फरक एवढाच की सगळे एका बाजूने खेळतात आणि "हा हिरवा सात अमक्यानेच जिंकायचा" अशा कामगिऱ्या पार पाडायच्या असतात. बोलायची बंदी आहे, प्रत्येकाला डावात एकदाच आपला एक पत्ता दाखवता येतो, त्यामुळे एकाने सगळ्यांना चालवण्याचा प्रश्नच येत नाही. ५० कामगिऱ्या क्रमाने अवघड होत जातात, एका रात्रीत तीन-चार होतात. कामगिरीची पुस्तिका इंग्रजीत आहे, ती एकाने वाचून सांगितली की पुरे.

तळावपाळी

खरेदीबद्दल दोन शब्द, कारण बाजारात नकली प्रती फार आहेत. कटान, कोडनेम्स, डिक्सिट यांच्या जास्त. किंमत इतरांच्या निम्म्याने खाली असेल तर संशय घ्या. ओळखायचं असं: पत्त्यांच्या पाठींचा रंग एकसारखा नसतो, फरशांची छपाई कापाच्या रेषेवरून सरकलेली असते, पुस्तिकेतली अक्षरं फुटलेली असतात, पत्ता वाकवला तर सरळ होत नाही. रंगातला फरक नुसता दिसायला वाईट नाही. गड्डीतला वरचा पत्ता पाठीवरून ओळखता आला की खेळच संपला.

खोकं उघडल्या दिवशी पुस्तिकेतल्या यादीप्रमाणे सगळं मोजा. डबे, पत्ते, फरशा. काही कमी असेल तर प्रकाशकाला किंवा दुकानदाराला तेव्हाच कळवता येतं, तीन महिन्यांनी कोण ऐकणार? फरशा चौकटीतून काढताना ओढू नका. मागून दाबा, नाहीतर छापील कागद सोलून येतो.

सोंगटी

आणि पावसाळा. खाडीच्या बाजूच्या घरांत जून ते सप्टेंबर पुठ्ठा पाणी शोषतो. पटाच्या छापील बाजूला आणि मागच्या बाजूला वेगवेगळा कागद असतो, दोन्ही सारखे फुगत नाहीत, म्हणून पट वाकतो. वाकलाच तर उलट्या बाजूला हलकेच वळवून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. खोकी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नकोत, ओल तिथूनच येते. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

जे पत्ते सारखे पिसले जातात त्यांना प्लास्टिकची पाकिटं घाला, आणि माप बघून घ्या: तिकीट टू राइड युरोपच्या जुन्या आवृत्तीतले छोटे पत्ते ४४ बाय ६८ मिलिमीटर, कटानचे ५४ बाय ८०, डिक्सिटचे ८० बाय १२०. पाकीट एक मिलिमीटर लहान निघालं तरी पत्ता आत जात नाही आणि उघडलेलं पुडकं दुकानदार परत घेत नाही.

पंखा. मे महिन्यात बंद करता येत नाही हे मान्य. उघड्या पत्त्यांवर प्रत्येकी एक कॅरमची सोंगटी ठेवा, गड्डी वाटीत उभी करा. अझूलच्या फरशा आणि रमीकबचे ठोकळे उडत नाहीत, उन्हाळ्यात त्यांच्यावर भर द्या.

पाचपाखाडीकर

तर मग आता तिकीट टू राइड युरोप आणि द क्रू. आजींसाठी रमीकब दिवाळीत. क्लबहाउससाठी कोडनेम्स वर्गणीतून, मराठी पत्ते मुलगी करणार आहे. एकच शंका: तिकीट टू राइडमध्ये लांब तिकिटं काढली तर सुरुवातीला किती तिकिटं वाटायची?

नियमपुस्तिका

तीनच, छोटी. किमान दोन ठेवायची. मुलाला पहिल्या डावात तिन्ही ठेवू देऊ नका. आणि डाव संपल्यावर सगळ्यात लांब सलग मार्गाचे १० गुण मोजायचे राहतात बऱ्याचदा, तेवढे कागदावर आधीच लिहून ठेवा.